जुन्या पीएलसीशी डीएफ१ फुल डुप्लेक्सवर कसं बोलायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जळगाव एमआयडीसी घ्या, धुळ्याचं अवधान घ्या, नरडाणा घ्या, पाईपाची लाईन असो की डाळ मिल की जिनिंगची प्रेस, बऱ्याच ठिकाणी पॅनलचं दार उघडलं की आत अजून एखादा ॲलन-ब्रॅडलीचा मायक्रोलॉजिक्स नाहीतर एसएलसी ५/०३ पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, बसलेला असतो. मशीन नीट चालतंय म्हणून मालक पीएलसी बदलत नाही, आणि नीट चालणारी गोष्ट बदलावी असं मलाही वाटत नाही. पण आता प्रत्येकाला रीडिंग ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पाहिजे, शिफ्टला किती मीटर पाईप निघाला, किती गाठी झाल्या, हे सगळं. आणि हे काम येऊन पडतं डिप्लोमा नाहीतर आयटीआय करून नुकत्याच लागलेल्या पोरापोरींवर.

त्यांना मॉडबस, म्हणजे मास्टरने विचारायचं आणि स्लेव्हने सांगायचं हा प्रोटोकॉल (बोलायची पद्धत), येत असतो. तीच पद्धत ते डीएफ१ ला, म्हणजे ह्या ॲलन-ब्रॅडली पीएलसींच्या प्रोटोकॉलला लावतात, एक प्रश्न पाठवला, उत्तराची वाट बघत बसले, उत्तर आलं की पुढचा प्रश्न. थोडा वेळ चालतं पण, मग मधूनच अडकतं, मग कोणी केबल बदलायला सांगतं कोणी पीएलसीच खराब आहे म्हणतं, आणि खरं कारण कोणी बघतच नाही. खरं कारण एवढंच असतं की फुल डुप्लेक्समध्ये समोरचाही कधीही बोलू शकतो, तुम्ही बोलत असताना सुद्धा, आणि तुमच्या प्रोग्रॅमला ते ऐकताच येत नाही. हा सगळा लेख त्याच्यावरच आहे, म्हणून पायऱ्या गाळू नका भो, एकेक करत जा.

लागणारं सामान

- पीएलसीला बसणारी केबल. मायक्रोलॉजिक्सच्या आठ पिनांच्या गोल पोर्टला १७६१-सीबीएल-पीएम०२, एसएलसी ५/०३ च्या नऊ पिनांच्या पोर्टला १७४७-सीपी३ किंवा नल मोडेम केबल
- कॉम्प्युटरला सिरीयल पोर्ट नसेल तर चांगला यूएसबी टू सिरीयल कन्व्हर्टर, शक्यतो आयसोलेटेड
- आरएसलिंक्स क्लासिक (पीएलसीशी कॉम्प्युटर जोडणारं सॉफ्टवेअर), आणि सेटिंग बघायला आरएसलॉजिक्स ५००
- हेक्समध्ये पाठवता आणि बघता येईल असा कुठलाही टर्मिनल प्रोग्रॅम
- पीएलसी प्रोग्रॅमचा बॅकअप. हा आधी घ्या, बाकी सगळं नंतर
- रॉकवेलचं (ॲलन-ब्रॅडली ह्याच कंपनीचा ब्रँड) डीएफ१ प्रोटोकॉल अँड कमांड सेट मॅन्युअल, नंबर १७७०-६.५.१६, ऑक्टोबर १९९६ चं. नेटवर फुकट मिळतं, जाडजूड आहे पण फुल डुप्लेक्सचं प्रकरण तरी नक्की वाचा
- मल्टिमीटर

१) वायर वेगळी, बोलायची पद्धत वेगळी

आरएस-२३२ मध्ये पाठवायची वायर वेगळी आणि घ्यायची वेगळी, म्हणजे वायरच्या हिशोबाने दोन्हीकडून एकाच वेळी डेटा जाऊ शकतो. पण त्याच वायरवर मॉडबस आरटीयू चालवलं तर मास्टर विचारणार, स्लेव्ह सांगणार, आणि स्लेव्ह स्वतःहून कधीच तोंड उघडणार नाही. आपली जळगाव-उधना लाईन सिंगलची डबल झाली, पण समजा स्टेशन मास्तरने ठरवलं की समोरची गाडी आल्याशिवाय इकडची सोडायचीच नाही, तर दुसरा रूळ नुसता पडून राहणार ना. मॉडबसचं आरएस-२३२ वर तसंच होतं. म्हणून वायर फुल डुप्लेक्स आहे याचा अर्थ प्रोटोकॉल फुल डुप्लेक्स आहे असा होत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

डीएफ१ हे एएनएसआयच्या एक्स३.२८ या १९७६ च्या स्टँडर्डमधले डी१ आणि एफ१ असे दोन भाग एकत्र करून बनलंय. डी१ मुळे डेटामध्ये कुठलाही बाइट पाठवता येतो, आणि एफ१ मुळे दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात, पोच (मेसेज मिळाला का नाही ते सांगणारी खूण) सुद्धा चालू मेसेजच्या मध्येच घुसवता येते.

आता हे नीट बघा. वायर दोन आहेत, पण रस्ते चार आहेत:

- तुमचा मेसेज पीएलसीकडे
- त्या मेसेजची पोच पीएलसीकडून तुमच्याकडे
- पीएलसीचा मेसेज तुमच्याकडे
- त्याची पोच तुमच्याकडून पीएलसीकडे

एकाच वायरवरून पीएलसीचा मेसेज पण येतोय आणि तुमच्या मेसेजची पोच पण येतेय. ते दोन वेगळे करणं हे तुमच्या प्रोग्रॅमचं काम आहे. डीएफ१ मध्ये जे काही अवघड आहे ते एवढंच आहे, बाकी सगळं हिशोब आहे.

२) केबल जोडा

एसएलसी ५/०३ चा पोर्ट आणि कॉम्प्युटरचा पोर्ट दोन्ही एकाच जातीचे असल्यामुळे २ आणि ३ नंबर पिन क्रॉस करावी लागते, आणि ५ ला ५, तो ग्राउंड आहे. सरळ केबल लावली तर दोघंही एकाच वायरवर बोलत राहतात आणि कोणी ऐकत नाही. मल्टिमीटरने आधी कंटिन्युइटी बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मायक्रोलॉजिक्सच्या गोल पोर्टची केबल घरी जोडायच्या भानगडीत पडू नका, त्यातल्या एका पिनवर २४ व्होल्ट असू शकतात, चुकून ते कॉम्प्युटरच्या पोर्टला लागले तर पोर्ट गेला. तयार केबल घ्या.

लांबी १५ मीटरच्या आत ठेवा. आणि ती केबल ड्राईव्हच्या मोटर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नका, हे तर सगळ्यांना माहिती असतं तरी जागा नाही म्हणून सगळे तसंच करतात. पॅनलची अर्थिंग आणि ऑफिसची अर्थिंग वेगळी असते आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी, म्हणून आयसोलेटेड कन्व्हर्टर सांगितला, थोडा महाग आहे पण घ्याच.

३) दोन्हीकडची सेटिंग जुळवा

मायक्रोलॉजिक्स १२०० किंवा १५०० चा चॅनल शून्य डिफॉल्टवर असेल तर तो डीएफ१ फुल डुप्लेक्स, १९२०० बॉड (वेग), नो पॅरिटी, १ स्टॉप बिट आणि सीआरसी (बाइटमधल्या चुका पकडायचा चेक) असा असतो. पण आधीच्या माणसाने काय करून ठेवलंय ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून आरएसलॉजिक्स ५०० मध्ये चॅनल कॉन्फिगरेशन उघडून बघा. प्रोग्रॅम हाताशी नसेल तर आरएसलिंक्समध्ये आरएस-२३२ डीएफ१ डिव्हायसेस हा ड्रायव्हर घ्या, डिव्हाईस म्हणून एसएलसी-चॅनल शून्य/मायक्रो/पॅनलव्ह्यू निवडा आणि ऑटो कॉन्फिगर दाबा. सापडलं तर बॉड, पॅरिटी आणि एरर चेकिंग तोच भरून देतो, ते वहीत लिहून घ्या.

ऑटो कॉन्फिगर फेल झालं तर बहुतेक वेळा केबल, किंवा कॉम पोर्टचा नंबर चुकलेला असतो, किंवा तो चॅनल डीएफ१ वर नसून डीएच-४८५ नाहीतर मॉडबसवर टाकलेला असतो. १२०० आणि १५०० वर कम्युनिकेशन टॉगल नावाचं छोटं बटण असतं, ते दाबून धरलं की चॅनल डिफॉल्टवर येतो आणि डीकॉम नावाचा दिवा लागतो. पण त्या पोर्टवर आधीच एखादी डिस्प्ले किंवा दुसरं काही जोडलेलं असेल तर चालू शिफ्टमध्ये हे बटण दाबू नका, ते कम्युनिकेशन तुटेल.

कॉन्फिगरेशनमध्ये ह्या गोष्टी वाचून ठेवा, पुढे लागतील: सोर्स आयडी, एरर डिटेक्शन बीसीसी (बेरजेचा साधा चेक) का सीआरसी, एम्बेडेड रिस्पॉन्स ऑटो डिटेक्ट का एनेबल्ड, डुप्लिकेट पॅकेट डिटेक्ट, अॅक टाइमआउट, नॅक रिट्राय, एन्क रिट्राय. अॅक टाइमआउट २० मिलिसेकंदाच्या हिशोबात लिहिलेला असतो, म्हणजे तिथे ५० दिसलं तर तो एक सेकंद. रिट्राय दोन्ही ३-३ असतात डिफॉल्टला.

कंट्रोल लाईन नो हँडशेकिंग ठेवा, मोडेम नसेल तर.

एक सापळा इथेच सांगतो. आरएसलिंक्सने पोर्ट पकडून ठेवलेला असतो, नुसती खिडकी बंद करून तो सुटत नाही, ड्रायव्हर स्टॉप करावा लागतो, नाहीतर तुमचा प्रोग्रॅम पोर्ट उघडूच शकणार नाही आणि तुम्ही कन्व्हर्टरला दोष देत बसाल.

४) टर्मिनलवरून पहिली हाक

पुढे सगळे बाइट हेक्समध्ये आहेत, हेक्सचे ए ते एफ मी देवनागरीतच लिहितोय, टाईप करताना इंग्रजी करून घ्या. लागणारी अक्षरं एवढीच:

- डीएलई १०
- एसटीएक्स ०२
- ईटीएक्स ०३
- एन्क ०५
- अॅक ०६ (पोच: मेसेज नीट मिळाला)
- नॅक १५ (पोच: मेसेज घेतला नाही)

टर्मिनल उघडा, बॉड वगैरे जुळवा, आणि फक्त दोन बाइट पाठवा: १० ०५. याचा अर्थ, तू शेवटची जी पोच दिली होती ती परत सांग. पीएलसी लगेच १० १५ नाहीतर १० ०६ पाठवेल. पॉवर चालू केल्यापासून त्याला एकही मेसेज आलेला नसेल तर १० १५ येतं, म्हणून नॅक बघून घाबरू नका, इथे नॅक आला म्हणजे केबल, बॉड, पॅरिटी सगळं बरोबर आहे. माझ्या मते ह्या दोन बाइटांची टेस्ट सगळ्यात भरवशाची आहे, कारण याने पीएलसीमध्ये काहीच बदलत नाही आणि चालू मशीनवर बिनधास्त करता येते. काहीच आलं नाही तर पुढे जाऊ नका, पायरी २ वर परत जा.

५) पहिला मेसेज बनवा

सोपं उदाहरण घेऊ, एन७:० (पीएलसीच्या ७ नंबरच्या इंटिजर फाईलमधली पहिली जागा) मधला एक आकडा वाचायचा, चेकिंग बीसीसी, म्हणजे चॅनलला पण बीसीसीच लावलेलं पाहिजे. सीआरसी नंतर बघू. पीएलसीचा सोर्स आयडी १ धरला आणि कॉम्प्युटर ०.

१० ०२ ०१ ०० ०एफ ०० ०१ ०० ए२ ०२ ०७ ८९ ०० ०० १० ०३ बीबी

आता फोडून बघा:

- १० ०२ सुरुवात
- ०१ कोणाला, ०० कोणाकडून
- ०एफ कमांड, ०० स्टेटस
- ०१ ०० ट्रान्झॅक्शन नंबर, दोन बाइटांचा, लहान बाइट आधी
- ए२ फंक्शन, म्हणजे वाचायचंय
- ०२ किती बाइट पाहिजे
- ०७ फाईल नंबर, ८९ फाईलचा प्रकार म्हणजे इंटिजर
- ०० एलिमेंट, ०० सबएलिमेंट
- १० ०३ शेवट
- बीबी बीसीसी

बीसीसी काढायला सुरुवातीचे १० ०२ आणि शेवटचे १० ०३ सोडून मधल्या सगळ्या बाइटांची बेरीज करा, फक्त शेवटचे दोन हेक्स आकडे ठेवा. इथे बेरीज १४५ येते, म्हणजे ४५ घ्यायचे, आणि १०० मधून ४५ गेले, सगळं हेक्समध्ये, राहिले बीबी. एकदा कागदावर करून बघाच, मग कोडमध्ये चूक झाली तर लगेच कळते.

एन७:० मध्ये २५ असतील तर उत्तर असं येईल:

१० ०६

१० ०२ ०० ०१ ४एफ ०० ०१ ०० १९ ०० १० ०३ ९६

पहिली ओळ म्हणजे तुमचा मेसेज मिळाला. दुसरी ओळ म्हणजे खरं उत्तर. कमांड ०एफ होती ती ४एफ झाली, ट्रान्झॅक्शन नंबर तोच, आणि १९ ०० म्हणजे २५. आता तुम्हाला पण त्या उत्तराची पोच द्यायची आहे, १० ०६ पाठवायचं. हे बहुतेक जण विसरतात, कारण मॉडबसमध्ये असं काही नसतं. पोच दिली नाही तर पीएलसी थांबतो, मग १० ०५ पाठवून विचारतो, परत विचारतो, आणि तो चॅनल तेवढा वेळ त्यातच अडकलेला असतो, तुम्हाला वाटतं पीएलसी स्लो आहे.

सीआरसी वापरणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, मॉडबसचा सीआरसीचा कोड उचलला तर चालतो पण सुरुवात एफएफएफएफ पासून न करता शून्यापासून करायची. दोन, बीसीसीमध्ये ०३ धरत नाहीत पण सीआरसीमध्ये शेवटचा ईटीएक्सचा ०३ धरतात. तीन, दोन बाइटांतला लहान आधी. एवढं बरोबर केलं की सीआरसी जुळतो. शिकून झालं की बीसीसी सोडून सीआरसीच वापरा, मोटर-ड्राईव्हच्या गोंगाटात बीसीसी काही चुका पकडू शकत नाही, दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच येते.

६) १० चा घोळ

१० हा बाइट खुणेचा आहे, मग डेटामध्येच १० आला तर? तर तो दोनदा पाठवायचा, १० १०, आणि घेणाऱ्याने त्यातला एक टाकून द्यायचा. बेरजेत मात्र तो एकदाच धरायचा.

हे कोडमध्ये राह्यलं तर काय होतं बघा. ट्रान्झॅक्शन नंबर १ पासून सुरू होतो, पंधरा मेसेज मस्त जातात, सोळावा अडकतो, कारण १६ म्हणजेच हेक्समध्ये १०. सोळाव्या मेसेजला असं पाठवायला पाहिजे:

१० ०२ ०१ ०० ०एफ ०० १० १० ०० ए२ ०२ ०७ ८९ ०० ०० १० ०३ एसी

तुमचं कम्युनिकेशन दर वेळी पंधरा मेसेजनंतर बंद पडत असेल तर केबलला हात पण लावू नका, हेच आहे. ट्रान्झॅक्शन नंबर नीट हाताळला तरी हाच घोळ आकड्यांमध्ये लपलेला असतो, काउंटर १६ वर गेला, २७२ वर गेला की एकच रीडिंग चुकतं आणि पुढचं परत बरोबर. आठ इंटिजर एकदम वाचायला गेलात तर साईजचा बाइटच १० होतो, सोळा बाइट म्हणून. म्हणजे सात वाचता येतात, नऊ वाचता येतात, आठ वाचता येत नाहीत, आणि माणूस चक्रावून जातो.

एक अपवाद आहे, १० ०३ च्या नंतर येणारे बीसीसी किंवा सीआरसीचे बाइट डबल करायचे नाहीत, ते १० असले तरी. वाचताना पण तसंच, १० ०३ दिसलं की पुढचा एक बाइट, सीआरसी असेल तर दोन, डोळे झाकून चेकचे म्हणून घ्या.

७) ऐकणारा वेगळा, बोलणारा वेगळा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. प्रोग्रॅम पायथनमध्ये करा, सी शार्पमध्ये करा, कशातही करा, पण पोर्टवरून वाचणारा भाग स्वतंत्र थ्रेडमध्ये सतत चालू ठेवा. पाठवलं, थांबलो, वाचलं, असं एका सरळ रेषेत लिहू नका. कारण तुम्ही पाठवत असताना त्याच क्षणी पीएलसीने स्वतःचा मेसेज सुरू केलेला असू शकतो आणि तुम्हाला जी १० ०६ पाहिजे ती त्या मेसेजच्या आधी येईल, नंतर येईल, किंवा बरोबर मध्ये येईल.

मध्ये आली म्हणजे कशी दिसते? पीएलसी उत्तर पाठवतोय, अर्धे बाइट आले, मध्येच १० ०६, आणि मग उरलेले बाइट. हा बिघाड नाही, यालाच एम्बेडेड रिस्पॉन्स म्हणतात. डेटामधला १० नेहमी डबल असतो, त्यामुळे मध्ये १० च्या मागे ०६ दिसलं तर ती पोचच असणार, दुसरं काही असूच शकत नाही. किती साधी आणि किती पक्की युक्ती आहे बघा, माझ्यासाठी तर ह्या प्रोटोकॉलमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे.

वाचणाऱ्या थ्रेडचं काम असं लिहा. १० सोडून दुसरा बाइट आला आणि मेसेज चालू असेल तर साठवा, मेसेज चालू नसेल तर टाकून द्या. १० आला तर पुढचा बाइट बघा:

- ०२: नवीन मेसेज सुरू, आधीचं अर्धवट काही असेल तर फेकून द्या
- १०: डेटामध्ये एक १० साठवा
- ०३: मेसेज संपला, चेकचे बाइट घ्या, जुळलं तर १० ०६ पाठवायला सांगा, नाही जुळलं तर १० १५
- ०६ किंवा १५: ही तुमच्या मेसेजची पोच, पाठवणाऱ्या भागाला कळवा, आणि चालू असलेला मेसेज जसाच्या तसा साठवत रहा
- ०५: शेवटची दिलेली पोच परत पाठवा

चौथ्या ओळीतलं शेवटचं वाक्य परत वाचा. पोच आली म्हणून मेसेजचा बफर साफ करू नका, इथेच सगळ्यात जास्त कोड फसतात.

पाठवताना उलटी काळजी. एक थ्रेड मेसेज पाठवतोय आणि दुसऱ्याला पोच द्यायचीय, दोघांनी एकदम पोर्टवर लिहिलं तर १० आणि ०३ च्या बरोबर मध्ये पोच घुसू शकते आणि दोन्ही वाया. म्हणून लिहायला लॉक लावा, पूर्ण फ्रेम झाली की पोच. तुमच्याकडून एम्बेडेड पोच पाठवायची काही गरज नाही, पण समोरून आली तर समजली पाहिजे. पोचला उशीर होईल ही भीती पण नको, १९२०० वर सेकंदाला १९२० बाइट जातात, म्हणजे वरचा १७ बाइटांचा मेसेज साधारण ९ मिलिसेकंदात आणि २५० बाइटांचा मोठा मेसेज सुद्धा १३० मिलिसेकंदात, आणि पीएलसी एक सेकंद वाट बघायला तयार आहे.

पीएलसी ऑटो डिटेक्टवर असेल तर तुमच्याकडून एम्बेडेड पोच दिसेपर्यंत तो पण पाठवत नाही. म्हणून टेबलवर टेस्ट करताना कोड बरोबर वाटतो, आणि एनेबल्ड असलेल्या दुसऱ्या मशीनवर नेला की तोच कोड फसतो. टेस्ट करताना मुद्दाम एनेबल्ड करून बघा.

८) पोच म्हणजे उत्तर नाही

१० ०६ आलं याचा अर्थ बाइट नीट पोचले, बस. कमांड चालली का नाही ते उत्तराच्या स्टेटस बाइटमध्ये असतं, तो ०० पाहिजे. फाईल अस्तित्वात नसेल तरी पोच येणारच, चूक स्टेटसमध्ये दिसणार.

पोच येते पण उत्तर येतच नाही, असा प्रकार असेल तर ट्रान्झॅक्शन नंबर बघा. डुप्लिकेट डिटेक्ट चालू असताना पीएलसी पाठवणारा, कमांड आणि ट्रान्झॅक्शन नंबर मागच्या मेसेजशी ताडून बघतो, तेच असले तर त्याला वाटतं हा जुनाच मेसेज परत आलाय, मग तो पोच देतो आणि मेसेज फेकून देतो. नेटवरून उचललेल्या कोडमध्ये ट्रान्झॅक्शन नंबर फिक्स करून ठेवलेला असतो, पहिलं रीडिंग येतं आणि मग काहीच नाही. डुप्लिकेट डिटेक्ट बंद करा असा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, ती सोय कामाची आहे. प्रत्येक नव्या मेसेजला नंबर एकाने वाढवा. आणि नॅक आल्यावर तोच मेसेज परत पाठवताना मात्र नंबर तोच ठेवा.

पोचच आली नाही तर मेसेज लगेच परत पाठवू नका, आधी १० ०५ पाठवा. कदाचित मेसेज पोचला असेल आणि पोचच वाटेत हरवली असेल. तीनदा विचारून काही नाही आलं तर मग लिंक तुटली समजा. नॅक आला तर दोन कारणं असतात, चेक जुळला नाही किंवा पीएलसीचा बफर भरलाय, म्हणून थोडं थांबून परत पाठवा, आणि प्रश्नांचा वेग कमी करा. पीएलसी कम्युनिकेशनचं काम स्कॅन संपल्यावर करतो, त्याला दर पाच मिलिसेकंदाला विचारून काही जास्त मिळत नाही.

९) पीएलसीला स्वतःहून बोलू द्या

फुल डुप्लेक्सचा खरा फायदा इथे आहे. गाठ पूर्ण झाली, पाईप कट झाला, अलार्म आला, की लॅडरमधल्या (पीएलसीच्या प्रोग्रॅममधल्या) एमएसजी म्हणजे मेसेज इन्स्ट्रक्शनने पीएलसी स्वतः तुम्हाला लिहितो, सतत विचारत बसायची गरजच नाही. तुमच्याकडे कमांड ०एफ, फंक्शन एए असा मेसेज येईल. आधी १० ०६ द्या, मग उत्तराची फ्रेम बनवा: कोणाला आणि कोणाकडून ह्यांची अदलाबदल, कमांड ४एफ, स्टेटस ००, ट्रान्झॅक्शन नंबर त्याचाच. उत्तर दिलं नाही तर पीएलसीमध्ये एमएसजीचा एरर बिट लागतो.

ट्रान्झॅक्शन नंबरवरून उत्तर ओळखायची सवय इथेच कामाला येते. तुम्ही पाठवलेल्या प्रश्नाचं उत्तर यायच्या आधी पीएलसीचा स्वतःचा मेसेज येऊ शकतो, कमांड बाइट ४० पेक्षा कमी असेल तर तो त्याचा प्रश्न आहे, ४एफ असेल तर तुमचं उत्तर आहे.

कॉम्प्युटरवरून पीएलसीमध्ये लिहायला पण हेच एए फंक्शन लागतं. ते चालू मशीनवर शिकायचं नाही. एन फाईलमधला एक रिकामा शब्द लॅडरमध्ये कुठेच वापरलेला नाही हे क्रॉस रेफरन्समध्ये बघा, आणि त्यावरच प्रॅक्टिस करा, ती पण ऑपरेटरला सांगून.

१०) अडकलं तर दोन्ही बाजू ऐका

फुल डुप्लेक्समध्ये एका वायरवर ऐकून अर्धंच कळतं. दोन सिरीयल कन्व्हर्टर घ्या, एकाची घेणारी पिन मूळ केबलच्या २ नंबरला, दुसऱ्याची ३ नंबरला, ग्राउंड कॉमन, आणि त्यांच्या पाठवणाऱ्या पिना मोकळ्या ठेवा. दोन्हीकडचे बाइट वेळेसकट लॉग करा. कन्व्हर्टर एफटीडीआय चिपचा असेल तर डिव्हाईस मॅनेजरमध्ये लेटन्सी टाइमर १६ मिलिसेकंद असतो, तो कमी करा, नाहीतर लॉगमधल्या वेळा एकमेकांशी जुळत नाहीत आणि पोच आधी आली का मेसेज ते ठरवता येत नाही.

११) कुठे हे वापरायचं नाही

फुल डुप्लेक्स डीएफ१ दोघांमध्येच चालतं, समोरासमोर. चार पीएलसी एका लाईनवर पाहिजे असतील, किंवा गावाची पाणीपुरवठ्याची टाकी आणि नदीवरचं पंप हाऊस रेडिओने जोडायचं असेल, तर डीएफ१ हाफ डुप्लेक्स घ्या, त्यात मास्टर प्रत्येकाला नंबराने विचारतो. दोन वायरच्या आरएस-४८५ वर तर फुल डुप्लेक्स होतच नाही, दोघांना एकच जोडी वापरायची असते. अंतर जास्त आणि फुल डुप्लेक्सच पाहिजे असं असेल तर चार वायरचं आरएस-४२२ घ्या.

पुढे कधी मालकाने मायक्रोलॉजिक्स ११०० किंवा १४०० घेतला आणि इथरनेटवर गेलात तर डीएलई आणि बीसीसी सगळं सुटेल, पण कमांड, स्टेटस, ट्रान्झॅक्शन नंबर, फंक्शन हे तसंच इथरनेटच्या पॅकेटमध्ये बसून जातं, म्हणून वरचं शिकलेलं वाया जात नाही. तिथे फुल डुप्लेक्सचा सापळा वेगळा आहे. स्विचच्या एका पोर्टला कोणीतरी १०० फुल असं फिक्स करून ठेवतं आणि समोरचं डिव्हाईस ऑटोवर असतं, मग ऑटोवाल्याला समोरचं काही कळत नाही आणि तो हाफ डुप्लेक्सवर जातो. पिंग चालतं, दिवे लागतात, आणि लोड वाढला की पॅकेट गळायला लागतात. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा किंवा दोन्ही बाजू फिक्स करा.